काळ्याचं पांढरं

जुन्या फ्लोरोस्कोपीच्या पडद्यावर हाड काळं दिसायचं. तोच माणूस, तीच नळी, तेच किरण. पण पडद्याच्या जागी फिल्म ठेवली की तेच हाड पांढरं. रेडिओग्राफीच्या वर्गात ही गोष्ट एका तासात शिकवून होते. डोळ्यांत मुरायला मात्र वेळ लागतो. मी १९९१ साली नंदुरबारहून सुरतेला आले आणि उधन्यातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा तिथं दोन्ही चालायचं. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांच्या बेरियमच्या तपासण्या पडद्यावर आणि नंतर दिवसभर छाती, मणके, हातपाय फिल्मवर. सकाळभर काळी हाडं बघायची आणि अकरा वाजता टाकीतून पहिली फिल्म वर काढली की पांढरी.

कारण सोपं आहे. एक्स-रे किरण हाडात अडतात, मांसातून बरेचसे आणि हवेतून जवळजवळ सगळे पलीकडं जातात. पडद्यावर जिथं किरण पोचतात तिथं तो चमकतो, म्हणून हाडामागची जागा अंधारी राहते. फिल्मवर जिथं उजेड पोचतो तिथली चांदी काळी पडते, म्हणून हाडामागची जागा कोरी राहते आणि व्ह्यू-बॉक्सच्या दिव्यापुढं ती पांढरी दिसते. दोन्ही ठिकाणी खबर एकच असते, फक्त लिहिण्याची रीत उलटी.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते टेक्निशियन काका मूळचे सुरतचेच. त्यांनी पहिल्या आठवड्यात मला एक नियम घालून दिला होता: चित्र समोर आलं की आधी हवा शोधायची. फुप्फुसातली, पोटातली, अंगाबाहेरची. हवा काळी दिसली तर फिल्म, हवा चमकली तर पडदा. मग बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

पडद्याच्या तपासणीची तयारी बघण्यासारखी असायची. झिंक-कॅडमियम सल्फाइडच्या त्या पडद्याचा हिरवट-पिवळा उजेड इतका मंद असे की उजेडातून थेट आत गेलेल्या माणसाला काहीच दिसत नसे. म्हणून डॉक्टरसाहेब वीस-पंचवीस मिनिटं आधीच लाल काचांचा चष्मा लावून बसायचे. अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्यांना लाल उजेड जवळपास कळतच नाही. लाल काचेमागं त्या अंधारातच असल्यासारख्या तयार होत राहतात आणि माणूस तेवढ्यात चहा पिऊ शकतो, केसपेपर वाचू शकतो. १९१६ साली ट्रेंडेलनबुर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनं काढलेली ही युक्ती. खेड्यातून आलेल्या बायका लाल चष्म्यातले डॉक्टर बघून बिचकायच्या. मी त्यांना सांगायचे, साहेबांचे डोळे अंधाराला तयार होताहेत, म्हणजे तुम्हाला किरण कमी द्यावे लागतील. हे खरंही होतं. डोळा तयार नसेल तर माणूस साहजिकच मशीनचा जोर वाढवतो.

ज्या किरणांवर आमचं पोट चालतं ते सापडले तेसुद्धा चमकणाऱ्या पडद्यामुळंच. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत राँटगेननं नळी काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेली असताना बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद लांबवर चमकताना पाहिला. २२ डिसेंबरला त्यानं बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. ते चित्र आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं आणि त्यातली हाडं काळी आहेत, बोटातली अंगठीही काळी आहे. काचेच्या प्लेटवर ती पांढरीच होती. कागदावर छापताना नेहमीच्या फोटोसारखी निगेटिव्हची पॉझिटिव्ह केली गेली. थेट निगेटिव्हच वाचायची सवय डॉक्टरांना पुढं लागली. आज कुणी आपल्याला काळ्या हाडांचा एक्स-रे दिला तर तो चुकीचा वाटतो, पण ती निव्वळ सवय आहे.

आणि फिल्मवर उमटतं तेही बव्हंशी किरणांचं चित्र नसतंच. कॅसेट उघडली की झाकणाला आणि तळाला एकेक पांढरा, गुळगुळीत पडदा चिकटवलेला असतो, मधे फिल्म. किरण पडद्यांवर पडतात, पडदे क्षणभर निळे उजळतात आणि तो निळा उजेड फिल्म काळी करतो. किरणांनी स्वतः केलेलं काळं शंभरातलं पाचही भरत नाही. आमच्या जुन्या पडद्यांत कॅल्शियम टंगस्टेट होतं, तेच जे १८९६ साली एडिसननं असंख्य क्षार तपासून निवडलं होतं. नंतर गॅडोलिनियमचे हिरवे उजळणारे पडदे आले, त्यांना हिरव्याला जागी होणारी वेगळी फिल्म लागायची आणि डार्करूममधला दिवाही बदलावा लागला. पडदे नसते तर एका छातीच्या फोटोसाठी माणसाला कितीतरी पट जास्त किरण सोसावे लागले असते. मला हे पडदे फार मोलाचे वाटतात. कॅसेट बंद असते म्हणून त्यांचा उजेड कुणाला कधी दिसत नाही, पण गेली शंभर-सव्वाशे वर्षं लोकांची हाडं त्याच उजेडात तपासली गेली आहेत.

सुरतेच्या उन्हाळ्यात डार्करूम सांभाळणं हे वेगळंच प्रकरण होतं. डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसला पाच मिनिटं, असं डब्यावर लिहिलेलं. मे महिन्यात टाकीतलं पाणी सकाळी नवालाच तिशीच्या वर. मग बाहेरच्या टाकीत बर्फाची लादी सोडायची, थर्मामीटर बुडवून बसायचं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. लाल दिव्याखाली हँगर हलवताना आधी अंगाबाहेरची हवा काळी पडायला लागायची, मग फुप्फुसं, मग फासळ्यांच्या मधल्या फटी. हाडं शेवटपर्यंत काही करत नाहीत. ती नुसती कोरी राहतात आणि भोवतीचं सगळं काळं झालं की उठून दिसतात. हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, गेल्यावर न वापरलेली चांदी धुऊन जाते. वापरलेला हायपो आणि जुन्या फिल्मा विकत घेणारे लोक ठरलेल्या वाराला यायचे; त्यातली चांदी काढून विकणं हा सुरतेत चांगला चालणारा धंदा होता.

पेशंट लोकांची आणि या काळ्या-पांढऱ्याची गाठ मात्र कुणी घालून देत नसे.

आमच्याकडं येणारे निम्मे लोक लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीकडचे. लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे, डाइंगच्या मिलमध्ये वाफेत काम करणारे, साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बाया. खानदेशातले पुष्कळ, ओडिशातले, उत्तर प्रदेशातले. खोकला महिना-दोन महिने अंगावर काढायचा आणि मग छातीचा फोटो. फिल्म हातात पडली की ते ती खिडकीकडं धरायचे आणि काळं शोधायचे. गुजराती माणूस विचारायचा, “बेन, काळो डाघ क्यां छे?” आमच्याकडची बाई म्हणायची, “छातीमा इतलं काळं काबरं दिखस वं ताई?” दोन्ही फुप्फुसं छान काळीभोर, म्हणजे हवेनं भरलेली, आणि बाईच्या डोळ्याला पाणी. ज्याच्या वरच्या भागात पांढुरका ढग असायचा तो मात्र म्हणायचा, बरं आहे, इथं तरी साफ आहे.

निदान सांगणं हे माझं काम नाही आणि ते मी कधी केलं नाही. क्षयरोग आहे की नाही हे मुख्यतः थुंकीच्या तपासणीनं ठरतं, नुसता फोटो बघून तर नाहीच नाही. पण काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे किरण अडवणारी कुठलीही वस्तू, एवढं सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. तेवढं न सांगता माणसाच्या हातात त्याच्या छातीचं चित्र देणं मला बरोबर वाटत नव्हतं.

१९९४ च्या सप्टेंबरात हे फार तीव्रतेनं जाणवलं. प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत शहर रिकामं व्हायला लागलं. स्टेशनवर भुसावळकडं जाणाऱ्या गाड्यांना माणसं लोंबकळत होती; आमच्या गल्लीतली कितीतरी घरं रातोरात कुलूप लावून अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबारकडं निघाली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून संपल्या. आजारी माणसांना नव्या सिव्हिल हॉस्पिटलात नेत होते. आमचं क्लिनिक उघडं राहिलं, आणि जो खोकला तो फोटोसाठी दारात. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं फिल्म उजेडाला धरून काळी फुप्फुसं बघत आणि हातपाय गाळून बाकावर बसत. त्यांना वाटे, छाती काळी पडली म्हणजे संपलं.

तेव्हा मी व्ह्यू-बॉक्स बाहेरच्या खोलीत आणून ठेवायला लावला. डॉक्टरसाहेबांनी लगेच होकार दिला. एक निरोगी छातीची फिल्म कायम लावून ठेवलेली, तिच्याशेजारी पेशंटची. मी बोट ठेवून सांगायचे: ही हवा, ही हवा, हे हृदय पांढरं कारण ते रक्तानं भरलेलं आहे, ही पांढरी हाडं. फिल्मचं वाचन साहेब करतील, पण काळं बघून घाबरू नका. न्यूमोनियाची सावली फिल्मवर पांढरी येते आणि ती कुठल्या जंतूमुळं आली हे फिल्म सांगू शकत नाही, हेही सांगायचे. त्या दिवसांत पेशंटना शांत करणारं दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. प्लेग सरला, पण व्ह्यू-बॉक्स बाहेरच राहिला.

उलटापालटीचा एक वेगळा धडा एका मूतखड्याच्या फोटोनं दिला. सुरतेच्या उन्हात आणि घामात मूतखडे भरपूर. एका माणसाच्या फिल्मवर उजव्या मूत्रपिंडाच्या जागी टोकदार पांढरा ठिपका आला. दुखत होतं डावीकडं. काकांनी फिल्म डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, याच्या कडा फार धारदार आहेत. शरीरातली वस्तू इतकी स्वच्छ उमटत नाही. दुसऱ्या कॅसेटवर फोटो घेतला, उजवीकडचा ठिपका गायब. मग ती पहिली कॅसेट आम्ही अंधारात उघडली.

शेजारच्या मजल्यावर हिऱ्यांच्या दलालाचं ऑफिस होतं. हिरा अतिनील दिव्याखाली धरून तो चमकतो का हे बघायची त्यांची रोजची पद्धत. चारातला एखादा हिरा चमकतो आणि चमकणारे बहुतेक सगळे निळे चमकतात. तो दिवा आम्ही मागून आणला. डोळ्यांना दिसत नाही असा तो प्रकाश पडद्यावर पडताच पडदा सगळा निळसर उजळला, आणि उजव्या बाजूला मधोमध एक काळा टिपका, त्याला शेपटासारखी बारीक तार. लूमवरच्या सुताची गाठ. उधन्याच्या हवेत ते सूत कायमच तरंगत असतं. गाठीनं पडद्याचा उजेड अडवला, फिल्म तेवढ्या जागी कोरी राहिली, आणि कोरी जागा खड्यासारखी पांढरी दिसली. दिव्याखाली काळं तेच फिल्मवर पांढरं. काकांनी सुती फडक्यानं पडदा पुसला, सुकवला, कॅसेटच्या पाठीवर तारीख लिहिली. तेव्हापासून दर आठवड्याला सगळ्या कॅसेटी त्या दिव्याखाली तपासायचा रिवाज पडला. आजही शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी हेच करायला लावते, कारण पडद्यावरची धूळ पेशंटच्या पोटात शिरू शकते.

त्या दलालानं एकदा मोबदल्यात एक मागणी केली. जुनी अंगठी आणली, खडा खरा का ते बघा म्हणाला. आम्ही ती कॅसेटवर ठेवली. सोन्याचं कोंदण फिल्मवर लख्ख पांढरं आलं आणि खड्याची जागा जवळजवळ रिकामी. हिरा म्हणजे कार्बन, तो किरण फारसे अडवत नाही. काच किंवा झिरकोनियाचा खोटा खडा असता तर पांढरा दिसला असता. बाजारात ज्याच्यावर सगळ्यांच्या नजरा, तो एक्स-रेत दिसेनासा होतो. तो माणूस फिल्मवरच्या त्या रिकाम्या जागेकडं बघून फार खूश झाला.

कॉपी फिल्मबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आता ती कुणाला माहीत नाही. क्षयाचा पेशंट गावी परत निघाला की त्याला फिल्मची प्रत लागे. मूळ फिल्म उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडं ठेवायची असे. साध्या फिल्मवर प्रत काढली तर ती उलटी येईल: मूळ काळं तिथं उजेड पोचणार नाही, म्हणजे प्रतीत पांढरं. म्हणून प्रतीसाठी वेगळी फिल्म असे, एकाच बाजूला इमल्शन असलेली. ती कारखान्यातच इतकी उजेड खाऊन आलेली असते की तशीच डेव्हलप केली तर पूर्ण काळी होईल. फिल्मला उजेड दिला की ती काळी पडते, आणखी दिला की आणखी काळी. पण एका हद्दीपलीकडं उजेड देत राहिलं तर ती परत फिरते आणि फिकी व्हायला लागते. कॉपी फिल्म त्या हद्दीवर आणून ठेवलेली असते. आमच्याकडं वर काच बसवलेली पेटी होती, आत अतिनील ट्यूब. मूळ फिल्म खाली, कॉपी फिल्म वर, इमल्शन मूळ फिल्मकडं, वरून झाकण घट्ट दाबायचं. जिथं मूळ पांढरं तिथून अदृश्य प्रकाश वर येई आणि कॉपी फिल्मचं काळं खाऊन टाकी. जिथं मूळ काळं तिथं प्रकाश अडे आणि काळं शाबूत राही. प्रत मुळासारखीच. नव्या मुलांना एकच गोष्ट पटवायला त्रास व्हायचा: प्रत फार काळी आली तर वेळ कमी नाही करायचा, वाढवायचा.

२००६ च्या ऑगस्टात तापीला पूर आला तेव्हा या पेटीनं मोठं काम केलं. शहराचा बराच भाग दिवसचे दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर लोक चिखलातून वाचवलेल्या फिल्मांचे गठ्ठे घेऊन आले, एकमेकींना चिकटलेल्या. जिलेटिन पाण्यात फुगतं, पण आतली चांदी हलत नाही. घाई न करता स्वच्छ पाण्यात भिजत घातलं तर बहुतेक फिल्मा सुट्या होतात. सुकल्यावर कडा सोलायला लागायच्या आत आम्ही त्यांच्या प्रती काढल्या. कुणाच्या मुलाच्या पायातला खिळा, कुणाच्या आईची ऑपरेशनच्या आधीची छाती. संध्याकाळपर्यंत कामं चालायची, वीज असेल तेवढा वेळ. या कामाचे पैसे घेतले नाहीत.

त्याच सुमारास मी एक प्रयोग केला, तो फार दिवस मनात होता. १८०० साली विल्यम हर्शेलनं लाल रंगाच्या पलीकडची अदृश्य उष्ण किरणं शोधली, हे शाळेत शिकलेलं. नंतर वाचनात आलं की एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात दिसलं होतं, अंधारात चमकत राहणाऱ्या पदार्थावर लाल आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश टाकला की ती चमक विझते. त्याच्या मुलानं, आंरीनं, या विझण्याचाच उपयोग करून सूर्यप्रकाशाचा अदृश्य भाग तपासला. पुढं हवाई छायाचित्रांच्या प्रिंटा काढणाऱ्या यंत्रांत हेच तत्त्व वापरलं गेलं: चमकणारा पडदा, त्यावर निगेटिव्हमधून इन्फ्रारेड, आणि निगेटिव्हच्या पातळ भागांतला जादा उजेड आपोआप मंद.

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत इन्फ्रारेड शेकायचा दिवा होता. लोक ज्याला रेडियम म्हणतात, ती झिंक सल्फाइडची हिरवी चमकणारी शीट मी स्टेशनरीच्या दुकानातून आणली. काम संपल्यावर डार्करूममध्ये शीट ट्यूबलाइटखाली भरपूर उजेड पाजून घेतली, दिवे बंद केले, शीट हिरवी चमकत होती. तिच्यावर हाताच्या पंज्याची एक टाकाऊ फिल्म ठेवली आणि वरून शेकायचा दिवा थोडा वेळ धरला. दिवा विझवून फिल्म उचलली.

शीटवर पंजा उमटला होता. भोवतीची हवा हिरवी चमकत होती, कारण तिथल्या काळ्या चांदीनं इन्फ्रारेड अडवला होता. बोटांची हाडं काळी. फिल्मवर ती पांढरी होती, म्हणजे पारदर्शक, तिथून इन्फ्रारेड खाली उतरला आणि तेवढी चमक संपवून गेला. मांसाचा भाग मधल्या छटेचा. नखाजवळचं टोकदार हाड, अंगठ्याच्या मुळाचं जाड हाड, सगळं ओळखू येत होतं; कडा फक्त थोड्या धूसर. रसायन नाही, पाणी नाही, वीस अंश नाही, आणि माझ्यासमोर बरोबर जुन्या फ्लोरोस्कोपीच्या पडद्यासारखं चित्र: चमकणारी हवा, काळी हाडं. हळूहळू सगळी शीट मंदावली आणि चित्रही गेलं. मी परत उजेड पाजला, परत केलं, आणि दुसऱ्या दिवशी काकांना बोलावून दाखवलं. ते तोपर्यंत निवृत्त झाले होते. त्यांनी शीट हातात घेऊन आधी हवा शोधली.

क्लिनिकमध्ये सीआर, म्हणजे कॉम्प्युटेड रेडिओग्राफीचं मशीन आलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही ते यामुळंच. बाकीच्यांना वाटत होतं, आता डिजिटल झालं, पडदा गेला. पडदा कुठंच गेलेला नाही. फुजी कंपनीनं १९८० च्या दशकात आणलेल्या या पद्धतीत कॅसेटमध्ये फिल्मच नसते, नुसता पडदा असतो, बेरियमच्या एका क्षाराचा, त्यात युरोपियमचा अंश. किरणांची ऊर्जा तो लगेच उजेडात न बदलता धरून ठेवतो. मशीनच्या पोटात लाल लेसर त्याच्यावरून रेघ-रेघ फिरतो, आणि लाल प्रकाश पडला की साठलेली ऊर्जा निळी होऊन बाहेर येते. तो निळा उजेड मोजून चित्र बनतं. बेकरेलनं पाहिलेल्या विझण्याच्या शेजारचाच हा प्रकार आहे. लाल प्रकाशानं साठा रिकामा होतो, फक्त रिकामा होताना निघणारा उजेड इथं वाया जात नाही. शेवटी प्लेटवर भरपूर पांढरा प्रकाश टाकून उरलंसुरलं पुसतात आणि प्लेट पुढच्या पेशंटला तयार. माझ्या ॲप्रनवर लावलेल्या टीएलडी बॅजमध्येही अशीच साठवण चालते. कॅल्शियम सल्फेटच्या त्या चकत्या तीन-तीन महिने माझ्या अंगावर पडलेले किरण धरून ठेवतात. तपासणीत त्या तापवल्या की धरलेलं सगळं उजेड होऊन निघतं आणि मला किती किरण लागले ते कळतं.

उजेड थेट मोजला, म्हणजे खरं तर सीआरचं मूळ चित्र जुन्या पडद्यासारखं असतं: हवा उजळ, हाडं काळी. कॉम्प्युटर ते फिरवून आपल्या सवयीचं करून दाखवतो. आणि माउसच्या एका क्लिकवर परत उलटंही करतो. काही जण ते बटण वापरतच नाहीत, मला ते फार उपयोगाचं वाटतं. फुप्फुसातली छोटी गाठ, नळीचं टोक, छातीत साठलेल्या हवेची बारीक रेघ, या गोष्टी काही डोळ्यांना पांढऱ्यावर काळ्या आल्या की पटकन सापडतात. आमच्याकडचे एक रेडिओलॉजिस्ट प्रत्येक छाती दोन्ही रंगांत बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहीत नाहीत. मी शिकाऊ मुलींना सांगते, शंका आली की उलटं करून बघा, पण साठवताना सरळ करून साठवा, आणि मुख्य म्हणजे पेशंटला कुठलं दाखवताय ते आधी सांगा.

कारण पेशंट आता फिल्म उजेडाला धरत नाहीत, मोबाइलवर फोटो मागतात, आणि तो फोटो गावी पाच जणांकडं जातो. गेल्या वर्षी गोडादऱ्याच्या एका बाईंचा फोन आला. साड्यांवर टिकल्यांचं काम करतात. क्षयाच्या सहा महिन्यांच्या उपचारात त्यांच्या तीन फिल्मा आमच्याकडंच झाल्या होत्या आणि दर खेपेला त्या व्ह्यू-बॉक्सपुढं उभ्या राहून पांढरा ढग किती आटला ते स्वतः बघायच्या. आता नवऱ्याचा फोटो काढला होता, आणि कुणीतरी पाठवण्याआधी बटण दाबून विसरलं होतं. गावच्या डॉक्टरांनी तो बघायच्या आत बाईंनी मला फोन केला. “ताई, ह्यास्ना फोटो उलटा वना. हाडं काळी शेतस. हवा गोरी दिखस. सरळ करीसन धाडा.” मी लगेच सरळ केलेला पाठवला, आणि त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याचं मला परत फोन करून कळवलं.